मच्छिंद्र आवताडेंची पाठ

कुरुंदपेठ ठाण्यात प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. बिराजदार पंचनामे लिहायचे, कारण त्यांचं अक्षर चांगलं. पाटोळे चोरांना बोलतं करायचे, कारण त्यांचा हात जड. आणि हवालदार मच्छिंद्र आवताडे मार खायचे.

सरकारी दप्तरात या कामाला पदनाम नव्हतं, पण काम चोख होतं. कोठडीत एखाद्याला जास्त मारलं गेलं, बरगडी गेली किंवा कानातून रक्त आलं, आणि बाहेर त्याचे नातेवाईक वकिलाला फोन लावताना दिसले, की साहेब हाक मारत, "आवताडे, या जरा आत." आवताडे आत जात. शर्ट काढून, घडी घालून खुर्चीवर ठेवत. भिंतीला दोन्ही तळवे टेकवत आणि श्वास सोडत. श्वास सोडणं महत्त्वाचं. भरल्या छातीवर पडलेला दांडका हाड मोडतो, रिकाम्या छातीवर नुसता वळ उठतो. चार-पाच वळ उठले की डॉक्टरचा दाखला, आणि दाखल्याच्या जोरावर उलटा गुन्हा: आरोपीने कर्तव्यावरील हवालदारावर हल्ला केला, सबब पोलिसांना स्वसंरक्षणार्थ बळ वापरावं लागलं. म्हणजे ज्याची बरगडी गेली तोच गुन्हेगार. तू तक्रार मागे घे, आम्ही गुन्हा मागे घेतो, अशी तडजोड पुढे ठेवली जाई. बहुतेक जण घेत. जे अडून बसत ते आत जात.

या सेवेबद्दल आवताडेंना आठवड्याची रजा मिळे, पाचशे रुपये बक्षीस आणि भिंतीवर लावायला एक प्रशस्तिपत्र.

सुरुवात बावीस वर्षांपूर्वीची. आवताडे नवे शिपाई होते आणि प्रताप रणनवरे नवे फौजदार. एका खिसेकापूला झोडायला रणनवऱ्यांनी आवताडेंच्या हातात पट्टा दिला. आवताडेंचा हात वर गेला आणि वरच राहिला. खाली येईना. खिसेकापूसुद्धा मान वळवून बघायला लागला.

"मारता येत नाय?" रणनवरे म्हणाले. "मग खायला तरी येतंय का?"

सगळे हसले. त्याच आठवड्यात गरज पडली आणि आवताडेंना खायला येतं हे सिद्ध झालं. पुढे रणनवऱ्यांच्या बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, पण जिथे जात तिथे ते आवताडेंना बंदोबस्ताच्या नावाखाली मागवून घेत, लग्नकार्यात ठरलेला आचारी बोलवावा तसे. आता ते निरीक्षक म्हणून कुरुंदपेठेलाच परत आले होते आणि उपअधीक्षकपदाकडे डोळे लावून बसले होते.

आवताडेंच्या मनाशी एक समाधान होतं: पोलिसात राहूनही आपण आजवर कुणाला हात लावला नाही. ते खरंच होतं. त्यांच्या पाठीच्या आधारावर अकरा माणसं खोट्या गुन्ह्यांत अडकली होती, हेही तितकंच खरं होतं. पहिली ओळ ते रोज वाचत. दुसरीवर बोट ठेवून पान उलटत.

अकरावा होता सिद्धराम कोळी. मोटारी रिवाइंडिंग करणारा, हडकुळा, चाळिशीचा माणूस. एका बिल्डरच्या पाच पंपांची कामं करून बिल मागायला गेला, तर बिल्डरनं तांब्याची तार चोरल्याची तक्रार दिली. भर दुपारी त्याला आणलं. रणनवऱ्यांच्या हातात पाण्याचा लोखंडी पाइप होता. बाहेर टेबलाशी बसलेले आवताडे सवयीनं मोजत होते. सतराव्या फटक्याला आवाज बदलला. लाकडावर कुऱ्हाड बसल्यासारखा येत होता तो ओल्या पोत्यावर बसल्यासारखा यायला लागला. पुढचे सहा तसेच. मग सिद्धराम ओरडायचा थांबला.

"आवताडे, या जरा आत."

सिद्धराम फरशीवर कुशीवर पडला होता. विजारीतून लाल लघवी झिरपून फरशीच्या सांध्यातून वाहत होती. आवताडेंनी शर्टाची घडी घातली, भिंतीला तळवे टेकले. रणनवरे घाईत होते, पाइप पुसायचंही भान नव्हतं. पहिला फटका बसला तेव्हा आवताडेंच्या पाठीला आधी ओल लागली आणि मग कळ. पाच फटके झाले. ते वळले तेव्हा सिद्धरामचे डोळे उघडे होते. सुजलेल्या ओठांतून तो म्हणाला,

"तुमाला कशापायी मारत्यात, मामा?"

बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आवताडेंनी शर्ट चढवला. बटणं एक घर चुकून लागली.

सिद्धरामचं डावं मूत्रपिंड फुटलं होतं, काढावं लागलं. दवाखान्यातून तो सरळ तुरुंगात गेला, हवालदारावरच्या हल्ल्यासाठी. त्याच्या बायकोनं, रेणुकानं, सरकारवर दावा लावला. नव्या कायद्यानं भरपाईची निम्मी रक्कम मारणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून जायची, आणि शिस्तभंगाची चौकशी वेगळी. रणनवऱ्यांनी चार लाखांची तडजोड पाठवली. रेणुकानं ती वकिलामार्फत परत केली, सोबत निरोप: माझ्या नवऱ्यानं कुणाला मारलं नाही, ते आधी लिहून द्या.

हे सगळं नेहमीच्याच वळणानं गेलं असतं. पण त्या वर्षी, म्हणजे २०३९ च्या जानेवारीत, जिल्हा रुग्णालयात लोहलेख यंत्र आलं.

त्याची माहिती द्यायला डॉ. निलोफर बागवान ठाण्यात आल्या. बाई फटकळ, हातात खडू घेतल्याशिवाय बोलता न येणाऱ्या.

"मार बसला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त बाहेर झिरपतं," त्या म्हणाल्या. "मग शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी येतात आणि ते खाऊन टाकतात. म्हणून वळ आधी लाल, मग जांभळा, हिरवा, पिवळा होतो आणि दोन-तीन आठवड्यांत जातो. तुम्ही म्हणता, मिटलं. पण रक्तात लोह असतं, आणि सगळं लोह त्या पेशींना पचत नाही. त्याचे कण तिथेच पडून राहतात, वर्षानुवर्षं. आणि लोह म्हटलं की चुंबकत्व आलं."

यंत्रात कृत्रिम हिऱ्याचे पातळ पापुद्रे होते. हिऱ्यात कार्बनच्या जागी मुद्दाम नायट्रोजनचा अणू घुसवायचा आणि शेजारची जागा रिकामी ठेवायची. असा खोट असलेला हिरा अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रातही वेगळा चमकतो. तो अंगावरून फिरवला की कातडीखालचा एकेक लोहकण पडद्यावर उमटतो. कण जसे जुने होतात तसे एकमेकांना चिकटून वाढतात, त्यावरून फटक्याचा महिना सांगता येतो. कणांची खोली आणि कल पाहून हत्याराची जाडी कळते, मारणाऱ्याची उंची कळते, हात डावा की उजवा तेही.

"परवा एका आजींच्या मनगटावर चाळीस वर्षांपूर्वीचं उलथनं निघालं," बाई म्हणाल्या. "सासू जाऊन तीस वर्षं झाली. उलथनं अजून तिथंच."

"मॅडम," पाटोळेंनी हात वर केला, "आमच्या गुरुजींच्या छड्या निघतील का?"

"निघतील. पण गुरुजींवर गुन्हा दाखल करायला तुम्ही उशीर केलात, पाटोळे."

हशा पिकला. आवताडेंच्या पाठीवरून मात्र घामाचा ओघळ कमरेपर्यंत गेला. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जुन्यावर नवा मार पडला तर?"

"मग खालचं काही वाचता येत नाही. ताज्या रक्तातल्या लोहाचा गोंगाट फार. सहा आठवडे थांबावं लागतं."

मागच्या रांगेत रणनवऱ्यांनी डायरी उघडून तेवढं एकच वाक्य टिपून घेतलं. बावीस वर्षं तोंड मिटून मार खाल्लेल्या माणसानं नेमकं तेव्हा तोंड उघडलं होतं.

महिन्याभरात रेणुकाच्या वकिलानं अर्ज केला: सिद्धरामच्या अंगावरचा मार तर यंत्रानं वाचलाय, आता हवालदाराची पाठही वाचा. न्यायालयानं चौदा तारीख दिली.

आठ तारखेला दुपारी रणनवऱ्यांनी आवताडेंना केबिनमध्ये बसवलं आणि स्वतःच्या हातानं चहा पुढे सरकवला. तेव्हाच आवताडेंना कळायला हवं होतं.

"उद्या बाजारतळावर अतिक्रमण काढायचंय. जमाव भडकेल. तुम्ही पुढं असाल."

"कुठला जमाव, साहेब? तिथं तर चार भाजीवाल्या बसत्यात."

"आपलीच पोरं साध्या कपड्यात येतील की. पाटोळे आहे. पाठीवर नीट घेतील, खांद्यापासून कमरेपर्यंत, एक वीतभर जागा सोडणार नाहीत. चौदाला यंत्राला नुसता चिखल दिसेल. मग न्यायालय सहा आठवडे थोडंच थांबतंय, जुन्या दाखल्यावर जाईल आणि कोळीण चार लाखाला गप येईल."

"सगळी पाठ?"

"एकदाच." रणनवऱ्यांचा आवाज मऊ झाला. "आवताडे, त्या पाठीवर अकरा आहेत. त्यातले सात माझे. मी जाईन, पण तुम्ही काय लग्नाला आल्यासारखे बाजूला उभे राहणार का? अकरा खोट्या साक्षी आहेत तुमच्या. पेन्शन तर सोडाच, आपण दोघं एकाच बराकीत ताट धुवू."

आवताडेंनी बाहेर येऊन डॉ. बागवानांना फोन लावला. आवाज खाली ठेवून विचारलं, आज संध्याकाळी मी स्वतःच आलो तर पाठ वाचाल का?

"नाही वाचता येत," बाई म्हणाल्या. "गणवेशातल्या माणसाला वरिष्ठांची सही लागते, नाहीतर न्यायालयाची तारीख. तुमच्याच संघटनेनं भांडून ती अट घालून घेतलीय. एक अपवाद आहे. अधिकाऱ्यावर हल्ल्याचा नवा गुन्हा नोंदला गेला तर मारणारा आणि मार खाणारा, दोघांची अंगं चार तासांत तपासावी लागतात. तिथं कुणाची सही नको. का हो? काय झालंय?"

"काय नाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

घरी वैजयंता, त्यांची बायको, खुशीत होती. ताट वाढता वाढता सांगायला लागली.

"आज ती कोळीण आलती दारात. म्हणती, ताई, माझ्या मालकांनी तुमच्या मालकांना बोट लावलं न्हाई. मी म्हटलं, बाई, ह्या हातानं हळद भरलीया मी त्या वळात, मला नको शिकवू! तरी हलंना. मग दिली ढकलून पायरीवरनं. पडली जाऊन नळाच्या कठड्यावर."

"लागलं का तिला?"

"लागलं आसंल! तिच्या नवऱ्यानं तुमाला गुरासारखं बडवलं तवा तिनं इचारलं होतं का?" तिनं भाकरी वाढली. भिंतीवर त्यांच्यामागे अकरा प्रशस्तिपत्रं होती. दर दिवाळीला ती स्वतः काचा पुसायची. "काय हो, जेवत का न्हाई?"

आवताडेंनी भाकरी मोडली, पण घास तोंडाशी जाईना. ज्या बाईनं जन्मात मुंगीला मारलं नव्हतं तिनं आज त्यांच्या वळांच्या भरवशावर एका बाईला पायरीवरून ढकललं होतं. आणि वर अभिमानानं सांगत होती.

नऊ तारखेला सकाळी सात वाजता परेड. बंदोबस्ताआधी साहेब सगळ्यांना ओळीत उभं करून सूचना देत. मैदानाच्या कोपऱ्यात खांबावर कॅमेरा होता. गणवेशातल्या अधिकाऱ्यावर कुणी हात उचललेला दिसला की तो माणसाला न विचारता स्वतःच गुन्हा नोंदवायचा आणि नियंत्रण कक्षाला कळवायचा. ही सोय पोलिसांनीच मागून घेतली होती, मोर्चेवाल्यांसाठी.

रणनवरे ओळीसमोरून चालत आले. आवताडेंसमोर थांबून त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आवताडे आज पुढे राहतील. जुना, भरवशाचा माणूस."

आवताडेंनी ओळीतून एक पाऊल पुढे टाकलं आणि हातातली काठी वर नेली.

हात वर गेला आणि वरच राहिला. बावीस वर्षांपूर्वी राहिला होता तसाच. रणनवऱ्यांनी मान वर करून काठीकडे पाहिलं आणि त्यांना चक्क हसू आलं.

"काय आवताडे, झाडावरचे आंबे पाडताय का?"

हसले म्हणून बरं झालं. काठी खाली आली.

पहिला फटका अगदीच नवशिक्याचा होता, टोपीला लागून खांद्यावर घसरला. दुसऱ्यापर्यंत आवताडेंना आठवलं की मार कुठे लागतो हे या ठाण्यात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. दुसरा गळ्याखालच्या हाडावर पडला आणि हाड काटकीसारखं वाजलं. तिसरा कोपरावर. रणनवरे गुडघ्यावर आले. चौथा मांडीवर, जिथे नस हाडाला चिकटून जाते आणि माणूस ओरडायचंही विसरतो. खांबावरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लाल झाला.

"धरा त्याला! धरा भडव्याला!" रणनवरे किंचाळले. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं: आता चार तासांत ही पाठ यंत्राखाली जाणार. गडबडीत मागेपुढे न बघता, चाळीस जणांसमोर ते ओरडले, "पाठीवर! पाठीवर घ्या त्याला!"

ओळ मोडून सगळे धावले. आवताडेंनी काठी फेकून दिली आणि ते जमिनीवर उताणे पडले. पाठ मातीला टेकवली, दोन्ही हात पसरून बोटांनी गवत धरलं. जी पाठ जन्मभर हुकमासरशी पुढे केली ती त्यांनी जमिनीच्या हवाली केली.

"उलटा करा!" पाटोळेंनी बगलेत हात घातला. आवताडेंनी त्यांच्या मनगटाला दात लावले आणि सोडले नाहीत. पाटोळेंनी दुसऱ्या हातानं तोंडावर ठोसे घातले. तिसऱ्या ठोशाला समोरचे दात आत गेले. कुणाचा तरी बूट पोटात बसला, पुन्हा बसला. या खेपेला श्वास सोडायला वेळ मिळाला नाही. एक बरगडी गेली, मग तिच्या शेजारची. काठ्या छातीवर, नडगीवर, गुडघ्यावर पडत होत्या. तोंडातलं रक्त घशात जाऊन आवताडे गुदमरले, पण मान वळवली नाही. ते मोजत होते. एकतीसपर्यंतचे आकडे त्यांना नंतर आठवले.

एकाएकी मार थांबला. बिराजदार, पंचनामे लिहिणारे, मध्ये उभे होते. गोरेमोरे झालेले, हातात कागदाचं पॅड.

"कॅमेरा चालू हाय," ते म्हणाले. "मला हे सगळं लिहावं लागंल. आता कुणी हात लावला तर त्याचं नाव पण."

रुग्णवाहिका अकरा मिनिटांत आली. आवताडेंनी उलटं झोपवू दिलं नाही. स्ट्रेचरवर पाठीखाली चादर दुहेरी करायला लावली.

डॉ. बागवानांनी त्यांना यंत्राखाली घेतलं तेव्हा साडेनऊ झाले होते. मोडलेल्या बरगड्यांवर पालथं झोपवताना आवताडेंच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला. हिऱ्याची पट्टी मानेपासून कमरेपर्यंत सरकली. पाठीवर नवा ओरखडासुद्धा नव्हता. खालचं सगळं स्वच्छ, थरावर थर.

रणनवऱ्यांना पलीकडच्या खोलीत घेतलं होतं. त्यांच्या अंगावर चार ठिकाणी ताजा मार, चारही एका हातचे. आवताडेंवरचा तो गुन्हा अगदी खरा होता. आवताडेंनी केलेला, साक्षीदारांसमोर केलेला. नोकरी गेलीच होती. तुरुंगही ठरलेला होता.

वैजयंता धावत आली तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती. नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं पदर तोंडाशी धरला.

"कोणी केलं? कोणच्या मेल्यानं केलं हे?"

डॉक्टरबाईंनी तिला खुर्ची दिली. धीर द्यावा म्हणून पडदा तिच्याकडे वळवला. "पाठीला काही झालेलं नाही, ताई. हे सगळं जुनं आहे. हे बघा, दर खुणेपुढे मारणाऱ्याची उंची आणि हात येतो. आजच निरीक्षकांचीही तपासणी झालीय, त्यामुळे त्यांची उंची आणि हात ताडून पाहता आला. या सात खेपा निरीक्षक रणनवऱ्यांच्या. बाकी चार आणखी दोघांच्या. एकाच अंतरावरून मारलंय, आणि मार खाणारा एकदाही हलला नाही. भिंतीला हात टेकून उभा असावा."

वैजयंता पडद्यापाशी गेली. पाठ तिला पाठ होती. कोणता वळ कोणत्या साली, कोणत्या सणाच्या आधी, तिला यंत्रापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"ह्यातला त्या कोळ्याचा कुठला?"

"कोळीचा एकही नाही."

"आनि तांबोळीचा? त्यो जेलात मेला त्यो? ह्यांच्या खांद्यावर काठी घातली होती त्यानं."

डॉक्टरबाईंनी पडदा पुन्हा पाहिला. "आरोपीचा म्हणता येईल असा यात एकही फटका नाही, ताई."

आवताडेंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दातांच्या जागी रक्ताचा बुडबुडा आला. "वैजू, म्या कुनाला हात..."

तिनं कानाखाली ओढली. उघड्या पंजानं, खांद्यापासून जोर लावून. आवताडेंचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं आणि तोंडातलं रक्त पांढऱ्या चादरीवर उडालं.

"अहो ताई! हे काय करताय!" डॉक्टरबाई मध्ये आल्या. "तपासणी चालू आहे. आता मला हे नोंदवावं लागेल."

"नोंदवा. वैजयंता मच्छिंद्र आवताडे. उजवा हात." तोच हात, हळद भरणारा. ती मागे न बघता दाराबाहेर गेली. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी.

डॉक्टरबाईंनी नाइलाजानं नवा रकाना उघडला. तारीख लिहिली, वेळ लिहिली, डावा गाल लिहिलं. मग नियमाप्रमाणे जखमीला विचारलं, "यांच्याविरुद्ध काही म्हणणं आहे?"

आवताडेंनी गाल चादरीवर टेकला. शब्द फुटक्या ओठांतून नीट निघत नव्हते, म्हणून त्यांनी ते दोनदा म्हटले.

"लिहा, बाई. तक्रार नाही."